क्षेत्राचे ऋण

कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, करजगी नावाचे गाव आहे. पलीकडे अक्कलकोटचा मुलूख. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा या टापूत एकाच अंगणात नांदत आल्या आहेत. हा भाग पूर्वी निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. राज्यांच्या सीमा बदलल्या, परंतु देवाच्या वाटा बदलल्या नाहीत. अक्कलकोटास श्रीस्वामी समर्थांच्या समाधीचे दर्शन घ्यावे आणि पुढे याच अफझलपूर तालुक्यातील श्रीक्षेत्र गाणगापुरास जावे, हा परिपाठ महाराष्ट्रातील, गोमंतकातील आणि कारवार-मंगळूर किनाऱ्यावरील अनेक घराण्यांत आजही चालू आहे. ज्याच्या नात्यागोत्यात कोठेच गुरुचरित्राचे पारायण होत नाही, असा आमचा वाचक विरळाच. अशा वाचकांपुढे आम्ही आज एक प्रश्न ठेवू इच्छितो. ज्या क्षेत्री आपण पुण्य जोडावयास जातो, त्या गावाचे आपण काही देणे लागतो काय? आणि लागत असलो, तर ते कोणाच्या हाती द्यावयाचे?

भीमा आणि अमरजा यांचा संगम, निर्गुण पादुकांचा मठ आणि अष्टतीर्थे यांमुळे गाणगापुराचे माहात्म्य. श्रीनृसिंहसरस्वतींच्या वास्तव्याने पावन झालेले हे स्थान. शासनाच्या दफ्तरी मात्र ते अनेक गावांसारखेच एक गाव, आणि त्याचा स्थानिक कारभार ग्रामपंचायतीच्या चौकटीत वाढलेला. पाण्याची टाकी, गटारे, दिवाबत्ती आणि केरकचरा ही पंचायतीची नित्यकर्मे; ती काही हजार वस्तीच्या मानाने बेतलेली असतात. पौर्णिमा आली, दत्तजयंती आली, माघातली गुरुप्रतिपदा आली, की त्याच नळांवर, त्याच गटारांवर आणि त्याच शौचकूपांवर कितीतरी पटींनी अधिक माणसांचा भार येऊन पडतो. यात्रेकरू दर्शन घेऊन संध्याकाळच्या गाडीने परततो. त्याने टाकलेल्या पत्रावळी, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, निर्माल्य आणि मळ ही मात्र गावातच राहतात.

यात एक अवघड गोम आहे. पंचायतीचे सभासद गावकऱ्यांच्या मतांवर निवडून येतात; यात्रेकरूस तेथे मत नाही. ज्यांच्यामुळे भार पडतो त्यांना निर्णयात वाटा नाही, आणि ज्यांनी निर्णय करावयाचा त्यांच्या हाती त्या भाराच्या मानाने द्रव्य नाही. लोकशाहीचे गणित रहिवासी धरून मांडलेले असते, आणि क्षेत्र तर रहिवाशांइतकेच पाहुण्यांचेही असते. या दोहोंमधले अंतर केवळ कायद्याने भरून निघेल असे आम्हांस वाटत नाही. ते कर्तव्यबुद्धीनेच भरावे लागेल. म्हणूनच हा प्रश्न आम्ही धर्माचा मानतो.

देव, ऋषी आणि पितर ही तीन ऋणे सर्वांना ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणाने त्यांच्या जोडीला चौथेही सांगितले आहे, ते मनुष्यांचे. दारी आलेल्यास निवारा आणि अन्न देऊन ते फेडावयाचे. गाणगापुराने हे ऋण शतकानुशतके फेडले आहे. मध्यान्हकाळी श्रीगुरू स्वतः भिक्षेस येतात, या श्रद्धेने तेथे माधुकरी घातली जाते आणि भक्तही पाच घरे मागून तो प्रसाद ग्रहण करतात. कोण कोठला, कोणत्या भाषेचा, याची विचारपूस न करता झोळीत भाकरी पडते. माधुकरी मागणाऱ्याने एकाच घरावर भार घालू नये, पाच घरे फिरावीत, हा नियम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. भ्रमर जसा फुलाला न दुखविता मध घेतो तसे घ्यावे, हाच 'माधुकरी' या शब्दाचा भाव. घेणाऱ्यावर मर्यादेचे बंधन घालणारी ही भिक्षा आहे. आज आपण क्षेत्री जातो तेव्हा भाकरीहून अधिक घेतो. गावाचे पाणी घेतो, रस्ता घेतो, गाडी उभी करावयास जागा घेतो, आणि सकाळी आपल्यामागे कोणीतरी झाडावे ही सेवाही घेतो. ही सारी आजची माधुकरी होय. तिला पाच घरांची मर्यादा कोणी घालावयाची?

देण्याच्या बाजूसही आपल्या परंपरेने एक समर्पक शब्द ठेवला आहे: इष्टापूर्त. यज्ञयाग ते इष्ट; विहिरी, तळी, देवालये, बागा आणि अन्नसत्रे ते पूर्त. धर्मशास्त्रकारांनी इष्टाचा अधिकार मर्यादित ठेवला, पण पूर्ताचा सर्व वर्णांस खुला केला. अहिल्यादेवी होळकरांचे घाट, बारवा आणि धर्मशाळा हे पूर्तच होते. आज दान देणाऱ्याची दृष्टी मात्र बहुधा गाभाऱ्याच्या उंबरठ्यापाशी थांबते. चांदीच्या मखराला दाता मिळतो, सभामंडपाच्या फरशीवर नाव कोरून घेण्यास दाता मिळतो. सांडपाण्याच्या गटारासाठी कोणी वर्गणी काढल्याचे सहसा ऐकू येत नाही. पूर्वी तळे बांधणे हे पुण्य असेल, तर त्या तळ्यात मैला जाऊ न देणे हे आज पुण्य का नसावे?

ही कल्पना नवी वाटली तर वाचकांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र पाहावे. नगराच्या कारभाराविषयीच्या त्याच्या अध्यायात रस्त्यावर केर टाकणाऱ्यास एक अष्टमांश पण, चिखलपाणी तुंबविणाऱ्यास एक चतुर्थांश पण दंड सांगितला आहे, आणि तोच अपराध राजमार्गावर घडल्यास दुप्पट. पुण्यस्थान, पाणवठा, देवगृह आणि राजवास्तू येथे मलविसर्जन करणाऱ्यास एका पणापासून चढत्या क्रमाने दंड आहे. मात्र औषधामुळे, व्याधीमुळे वा भयामुळे तसे घडल्यास दंड नाही. शेजाऱ्याच्या भिंतीपासून सांडपाण्याची मोरी किती अंतरावर असावी, याचेही नियम त्या ग्रंथात आहेत. देवगृहाच्या पावित्र्याची काळजी येथे नगराचा अधिकारी वाहतो, आणि पीडिताला सूट देण्याइतकी माणुसकीही राखतो. देवकार्य आणि नगरकार्य हे दोन वेगळे प्रांत आहेत, अशी समजूत त्या काळी नव्हती.

आमच्या गोमंतकीय वाचकांस तर हे परके वाटू नये. गोव्याच्या गावकरी संस्था पोर्तुगिजांच्या आधीपासूनच्या. १५२६ च्या फोरालने गावकऱ्यांचे हक्क लेखी नोंदविले. गावच्या सामायिक उत्पन्नातून देवळाचा खर्च भागे आणि त्यातूनच खाजनाचे बांध दुरुस्त होत. त्या व्यवस्थेत गावकऱ्यांच्या कुळांबाहेरच्यांना हक्क नव्हता, हे तिचे वैगुण्य विसरू नये. तथापि बांध फुटला तर देवाचाही नैवेद्य थांबेल, हे तिला कळत होते. पुढे देवळाची तिजोरी आणि गावाची तिजोरी निराळ्या झाल्या, आणि भक्त पहिलीत टाकून दुसरीस विसरला.

या विस्मृतीचा परिणाम पाहावयाचा तर भीमेच्याच काठी वर पंढरपुरास जावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे नगरपालिका आली, त्यास मोठे कारण यात्रा हेच होते. त्या शतकात यात्रेबरोबर पटकीची साथ वारंवार येई, गावी परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर ती दूरवर पसरे. नगरपालिका यात्राकर घेई आणि त्यातून पाणी व स्वच्छता यांची सोय करू पाही. गाडगे महाराजांनी हातात खराटा घेऊन चंद्रभागेचे वाळवंट झाडले आणि गरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून उपोषण केले, आणि मंदिराचे द्वार उघडले. आत कोणी यावे, हा प्रश्न सुटला. बाहेरचा मळ कोणी उचलावा, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

तो किती काळ राहिला, हे सांगताना जड जाते. कोरडे संडास आणि डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा यांस बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला आणि २०१३ साली अधिक कडक कायदा आला. तरीही वारीच्या दिवसांत चंद्रभागेचे वाळवंट आणि पंढरपुरातील रस्ते लक्षावधी माणसांच्या विष्ठेने भरत, आणि सफाई कामगार ती हातांनी उचलत. या प्रथेविरुद्ध जनहित याचिका झाली. २०१४-१५ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने शासनास शौचालयांची व्यवस्था करावयास लावले आणि नदीच्या वाळवंटात तंबू व मंडप उभारण्यावर निर्बंध घातले. वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी ६५ एकरांचा तळ सिद्ध झाला. वाळवंटात भजन-कीर्तन करणे ही पिढ्यांची रीत, तिच्यावर निर्बंध आल्याने अनेकांची मने दुखावली. ते दुःख आम्ही समजू शकतो. परंतु ज्या भक्तीची खूण सर्वांभूती देव पाहणे ही, तिने खाली वाकून मैला भरणाऱ्या माणसास पाहिले नसेल, तर तिला ते न्यायासनाने दाखवावे यात तिचा अवमान झाला असे आम्ही मानत नाही. आपले शौच जर दुसऱ्याच्या अशौचावर उभे असेल, तर ते शौच कसले?

आतापर्यंत आम्ही सेवांविषयी बोललो. यापुढील गोष्ट जमिनीची आहे, आणि ती अधिक नाजूक आहे. कोणत्या जागी घरे, कोठे बाजार, कोठे शेती राहावी, नदीपासून किती अंतर मोकळे सोडावे, हे ठरविणे म्हणजे नगररचना. कर्नाटकात १९६१ चा आणि महाराष्ट्रात १९६६ चा कायदा त्यासाठी आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपविण्याजोग्या अठरा विषयांची यादी दिली, तिच्यातले पहिले दोन विषय हेच: नगररचना आणि जमिनीच्या वापराचे नियमन. लहान क्षेत्रांत हे काम बहुधा वेगळ्याच रीतीने चालते. गावाबाहेरचे शेत बिनशेती होते. त्यावर एक भक्तनिवास उभा राहतो, त्याच्या शेजारी दुसरा. प्रत्येकाचा हेतू चांगला असतो; यात्रेकरूंची सोय व्हावी हाच. परंतु पन्नास खोल्यांचे सांडपाणी ओढ्यात जाते आणि ओढा नदीला मिळतो. ज्या संगमात स्नानासाठी माणसे आली, त्याच संगमाकडे त्यांच्या खोल्यांचे पाणी वाट काढते.

अशा वेळी कोणी परवान्याची गोष्ट काढली, तर एक उत्तर ठरलेले असते: देवाच्या कामाला परवाना कसला? हे वाक्य आपल्या समाजात भक्तीचे लक्षण मानले जाते. आम्हांस ते भक्तीच्या नेमके उलट वाटते. देवाच्या नावावर सवलत मागणारा मनुष्य वस्तुतः स्वतःसाठी सवलत मागत असतो आणि तिचा भार शेजाऱ्यावर टाकत असतो. २९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्त्यांवर व जागांवर कोणत्याही धर्माचे नवे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश दिला. कोर्टाने सांगावे लागण्यापूर्वीच ही गोष्ट धर्माने सांगावयास हवी होती. दुसऱ्याची वाट अडवून बांधलेल्या देवळात कोणता देव सुखाने राहील?

वाट अडली की काय होते, हे आपण पाहिले आहे. २५ जानेवारी २००५ रोजी साताऱ्याच्या वाई तालुक्यात मांढरदेवीच्या डोंगरावर काळुबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. वाट चिंचोळी, दुतर्फा दुकाने, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या. त्यातच दुकानांना आग लागली. अडीचशेहून अधिक भाविक प्राणांस मुकले. वाटेच्या कडेला दुकान थाटू द्यावे की नाही, हा निर्णय एरवी किती क्षुल्लक वाटतो! एखाद्या गरिबाचे पोट आहे, चार दिवसांची यात्रा आहे, असे म्हणून कानाडोळा होतो. एका दुकानाची सवलत ही दया असते; शंभर दुकानांची सवलत हा मृत्यूचा सापळा होतो. नियम सर्वांस सारखा असावा लागतो तो याचसाठी.

एकेका जागेपुरता नियम वाकविण्याचा मोह सत्तेसही होतो. गोव्यात प्रादेशिक आराखड्यातील जमिनीचे विभाग एकेका भूखंडापुरते बदलता यावेत, अशी तरतूद नगररचनेच्या कायद्यात १७(२) या पोटकलमाने २०२३ साली करण्यात आली. तिच्याखालील नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरविली. कायद्याच्या बारकाव्यांत आम्ही शिरत नाही. आम्हांस त्यातले नैतिक तत्त्व महत्त्वाचे वाटते. आराखडा हे एक वचन असते. आज जे हजर नाहीत, ज्यांना मत नाही, जे उद्या जन्मास येणार आहेत किंवा पुढच्या पौर्णिमेस येणार आहेत, त्यांना गावाने दिलेले ते वचन आहे. एकासाठी ते मोडले, की उरलेल्या सर्वांचा विश्वासघात होतो. आणि त्यातले पुष्कळसे तक्रार करावयास तेथे नसतातच.

यावर आक्षेप येतील, त्यांचा विचार करणे उचित होईल. पहिला आक्षेप असा की, यात्रेकरू काही फुकट राहत नाही. तो खोलीचे भाडे देतो, हार-पेढे घेतो, गाव त्याच्यावरच जगते. हे खरे आहे. परंतु दुकानदाराचा नफा म्हणजे पंचायतीचे उत्पन्न नव्हे. दुसरा आक्षेप असा की, हुंडीत आपण टाकतोच. पण हुंडीचा पैसा देवस्थानच्या खाती जातो आणि गटार पंचायतीच्या माथी राहते. देवस्थानाने गावच्या सोयींस हात दिला तर उत्तमच. तथापि तेवढ्याने प्रत्येक भक्ताची वैयक्तिक जबाबदारी संपते असे नाही.

तिसरा आक्षेप नेमका विरुद्ध बाजूने येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. यात्रेकरूंचे इतके माहात्म्य मानले, तर उद्या त्यांच्या सोयीसाठी गावकऱ्यांची घरेच पाडावी लागतील, त्याचे काय? काशीस विश्वनाथ धाम डिसेंबर २०२१ मध्ये खुले झाले. त्यानंतर २०२२ साली पंढरपुरातही मंदिराभोवती तशाच धर्तीचा मार्ग करण्याची योजना पुढे आली, तेव्हा तेथील रहिवासी आणि व्यापारी विरोधास उभे राहिले. जुने वाडे, मठ आणि पिढीजात दुकाने जातील ही त्यांची भीती होती. मांढरदेवीचे उदाहरण नुकतेच दिल्यावर रुंद वाटेची गरज आम्ही नाकारू शकत नाही. परंतु पाहुण्याने ऐसपैस बसण्यासाठी यजमानाची भिंत पाडावयास सांगू नये, हीही आपलीच रीत आहे. ज्या गावकऱ्यांनी शतकानुशतके माधुकरी घातली, त्यांना न विचारता आणि त्यांच्या हिताची तजवीज केल्यावाचून क्षेत्राचा विकास करणे म्हणजे मनुष्यऋण बुडविणे होय. यात्रेकरूच्या जिवाची सुरक्षितता हा त्याचा हक्क आहे. त्याची चैन हा हक्क नाही. या दोहोंमधली रेघ गावकऱ्यांसमोर बसून, नकाशा उघडून आखावी लागते. रागावलेल्या सभेत ती आखणे कठीण जाते हे आम्ही जाणतो. पण बंद खोलीत आखलेली रेघ पुढे टिकत नाही.

मग आपल्या समाजाने करावे काय? आमच्या मते चार गोष्टी साध्य आहेत. क्षेत्री भक्तनिवास अथवा मठ बांधणाऱ्या संस्थेने परवाना घ्यावा, आपल्या सांडपाण्याची सोय आधी करावी आणि पंचायतीचा कर वेळेवर भरावा. देणगीतील एक वाटा पूर्ताकडे, म्हणजे शौचालये, पाणी आणि गटारे यांकडे वळवावा. त्यावर नावाची पाटी नसली तरी चालेल. विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागविल्या जातात, तेव्हा केवळ आपल्या भूखंडापुरते न जाता संपूर्ण क्षेत्राच्या वतीने बोलावे, आणि गावकऱ्यांचे म्हणणे ऐकावे. चौथी गोष्ट सर्वांत सोपी: यात्रेत झाडणाऱ्या माणसास हातमोजे, योग्य वेतन आणि सन्मान मिळतो की नाही, हे देवस्थानच्या विश्वस्तांस विचारावे. प्रसादाची व्यवस्था कशी आहे हे आपण विचारतोच. त्याच आवाजात हेही विचारावे.

कोणत्याही धर्मकृत्याच्या आरंभी आपण संकल्प सोडतो. त्यात स्वतःचे नाव व गोत्र यांच्या आधी देशकालाचा उच्चार येतो: अमुक देशी, अमुक नदीच्या अमुक तीरी. आपण कोठे उभे आहोत, कोणत्या नदीच्या काठी आहोत, हे सांगितल्यावाचून कर्मास प्रारंभ होत नाही. हा उच्चार आजवर मंत्राचा भाग म्हणून घडत आला. त्यातील भीमेचे किंवा गोदेचे नाव घेताना त्या तीरावरच्या गावाचीही आठवण व्हावी, त्याचे पाणी, त्याची वाट आणि त्याची झाडलोट करणारे हात डोळ्यांपुढे यावेत, एवढेच आमचे मागणे आहे. संकल्पात ज्या भूमीची साक्ष काढली, तिला मलिन करून कोणतेही कर्म सांग होत नाही.